नव्वद-दहा

गिरिजा आली खरी, पण बॅग गाडीतच ठेवून आली.

नीलाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं. शेजारच्या राज्यातल्या हर्नडनहून पहाटे निघून आई-वडिलांच्या कॅरीच्या घरापर्यंत गाडी हाकत आलेली पोर उतरली, डिकी उघडली, बॅगकडे बघत जराशी थांबली आणि डिकी परत लावून टाकली. हातात फुलांचा पुडा तेवढा घेतला. एक्कावन्न वर्षांची घोडी झाली तरी नीलाच्या लेखी ती पोरच. गेली सहा वर्षं हिचं हे असंच चाललं होतं. यायचं, जेवायचं, आणि दिवेलागणीला ‘आई, हॉटेल बुक केलंय गं’ म्हणून चपला घालायच्या. आज तरी राहील अशी नीलाला आशा होती. बापाचं सहस्रचंद्रदर्शन काय रोज रोज असतं? पण डिकी धाडकन लागली होती.

“आलीस? बस. हात धू आणि दिवे करायला लाग,” ती म्हणाली. मनात होतं ते बोलायला आता वेळ नव्हता. संध्याकाळच्या औक्षणाला कणकेचे एक्क्याऐंशी दिवे लागणार होते आणि परातीत जेमतेम वीस झाले होते. गॅरेजमध्ये होमाची तयारी सुरू होती. घरात होम केला की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून गाड्या बाहेर काढून गुरुजींना गॅरेजमध्ये बसवलं होतं. सूनबाई दीपा तिथे समिधा मांडत होती, आणि नीलाचा नवरा विष्णू सोवळं नेसून, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर, राजासारखा बसला होता.

“बाबा कसे आहेत?” गिरिजाने कणकेचा गोळा हातात घेत विचारलं.

“स्वतः जाऊन विचार की.”

गिरिजाने अंगठ्याने दिव्याला खळगा केला, चोच काढली. दिवे मात्र आईसारखेच सुबक करायची.

सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, ऐन पंगतीत, बाप-लेकीची जुंपली होती. विषय काय, तर पूल. या घरात दुसरा विषय होता कधी? तरुणपणी विष्णू पुण्याहून इथे शिकायला आला आणि राज्याच्या रस्ते खात्यात लागला, तेव्हा अख्खी अमेरिका हायवे बांधत सुटली होती. छप्पन सालचा कायदा होता. मोठ्या रस्त्याला लागणाऱ्या दर डॉलरमागे नव्वद सेंट वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, द्यायचे, राज्याने दहा घालायचे. हे नव्वद यायचे गाड्यांच्या गॅसवरच्या, म्हणजे पेट्रोलवरच्या, टॅक्समधून. अट एवढीच की रस्ता त्यांच्या नकाशातला हवा आणि त्यांच्या मापाचा हवा. त्या पैशातून अर्ध्या तासावरच्या वेकफर्ड गावात हायवेचा एक फाटा गेला आणि त्यावरचा लांबलचक पूल विष्णूच्या हातून उतरला. त्याचं इथलं पहिलं काम. घरात त्याला ‘आपला पूल’ म्हणत.

एवढ्यावर थांबता तर विष्णू कसला! त्याला ती नव्वद-दहाची योजना इतकी आवडली, की ती त्याने घरातही लागू केली. मुलांना व्हायोलिन शिकायचंय? नव्वद बाबांचे, दहा तुम्ही लोकांची हिरवळ कापून कमवा. कॉलेजला जायचंय? नव्वद बाबांचे. पण रस्ता बाबांच्या नकाशातला. थोरल्या सत्यजितने मुकाट्याने नव्वद घेतले आणि सिव्हिल इंजिनीअर झाला. धाकटी गिरिजा सतराव्या वर्षी म्हणाली, मला रस्ते बांधायचे नाहीत, रस्त्याशेजारच्या माणसांचं काय होतं ते शिकायचंय. विष्णू म्हणाला, मग शंभर तुझे. तिने कर्ज काढलं आणि शहररचना शिकली. जिद्दीची बापासारखीच.

आणि त्या दिवाळीत श्रीखंडाच्या वाटीवर ती म्हणाली होती, “बाबा, तुमच्या पुलाने एक अख्खी वस्ती मधोमध कापली, माहीत आहे ना?” विष्णू ताड्कन म्हणाला होता, “या घराचं छप्पर त्याच पुलावर उभं आहे. पटत नसेल तर छपराखाली राहू नकोस!” रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण गिरिजाने ते शब्दशः घेतलं. त्या रात्रीपासून ती या छपराखाली झोपली नव्हती.

“आई, तूप!” सत्यजित आत आला आणि बहिणीला बघून जागीच थबकला. “आलीस का? किती वाजता निघालीस?” मग आवाज खाली आणून, “सांगितलं नाहीस ना काही?”

“सांगणार आहे. आज.”

“डोकं फिरलंय का तुझं? आज?”

“मंगळवारी हिअरिंग आहे, दादा. पेपरात माझं नाव येईल. त्यांनी ते तिथे वाचायचं का?”

नीलाला सगळं केव्हाच कळलं होतं. आता वेकफर्डला तो पूलच नको झाला होता. पूल पाडून खाली पूर्वीसारखा साधा रस्ता करायचा, तुटलेल्या गल्ल्या परत जोडायच्या. असल्या कामाला हल्ली वॉशिंग्टनच पैसे देतं म्हणे. जोडायलाही तेच आणि तोडायलाही तेच. गावाने त्यासाठी अर्ज करायला एका कंपनीला नेमलं, आणि त्या कंपनीत हे काम कुणाकडे यावं, तर गिरिजाकडे. सत्यजितची नोकरी जुने पूल दुरुस्त करण्याची. त्याच्या मते पूल अजून चाळीस वर्षं ठणठणीत राहिला असता. बाबांनी मंगळवारी जाहीर सुनावणीत उभं राहून चार शब्द बोलावेत, बांधणाऱ्याचं कोण ऐकणार नाही, असा त्याचा बेत होता.

“तुला बाबा हवेत ते तुझ्या बाजूने बोलायला,” गिरिजा म्हणाली.

“आणि तुला काय हवंय? त्यांच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या हातचं पहिलं काम उखडायचंय?”

“बास!” नीलाने लाटणं ओट्यावर आपटलं. “गुरुजी बाहेर बसलेत. आज कुणी काही बोलायचं नाही. गिरिजा, तुला माझी शपथ आहे. उद्या सांग.”

“उद्या मी इथे नसेन, आई.” गिरिजाने तिच्याकडे पाहिलं. “आणि तुझं दरवेळी हेच असतं. त्यांना सांगू नको, हिला कळू देऊ नको. तीस वर्षं तू बाबांच्या आणि माझ्या मध्ये टेलिफोन ऑफिस चालवतेस.”

नीलाला ते झोंबलं. तिने तोंड फिरवलं आणि दिवे मोजायच्या निमित्ताने डोळे पुसले.

होम झाला, जेवणं झाली. गुरुजींना दक्षिणा देऊन वाटेला लावलं. आणि मग विष्णूने सोवळं सोडून पँट चढवली, काठी घेतली आणि जाहीर केलं, “चला. रुहीच्या नव्या गाडीची फेरी राहिलीय.”

या घरात नवी गाडी आली की तिची पहिली फेरी आपल्या पुलावरून व्हायची. चाकाखाली लिंबू चिरडायचं, देवाला नमस्कार करायचा आणि थेट वेकफर्ड गाठायचं. गाड्याच कशाला, सत्यजित आणि गिरिजा दोघांनाही हॉस्पिटलमधून आधी पुलावर नेलं होतं, मग घरी. दीपा लग्न होऊन आली तेव्हा बिचारीला जेट लॅग झालेला, डोळे उघडत नव्हते, तरी तिलाही सोडलं नाही. पुलावर चढलं की एकदा हॉर्न वाजवायचा. मग विष्णू गोष्ट सांगणार, ती सगळ्यांना पाठ. आणि शेवटचं वाक्य सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं: नव्वद त्यांचे, दहा आपले, आणि पूल सगळा माझा!

सत्यजितच्या लेकीने, रुहीने, पहिल्या नोकरीच्या जिवावर गाडी घेतली होती. पुढे ती आणि विष्णू बसले. मागे नीला मधे, एका बाजूला सत्यजित, दुसऱ्या बाजूला गिरिजा. मावायला तिघं मावली, पण नीलाला दोन भिंतींमध्ये बसल्यासारखं वाटत होतं. दीपा घरीच थांबली. मी माझी फेरी मारलीय, म्हणाली.

“आवाजच येत नाही हिला. चालू आहे ना?” विष्णूने विचारलं.

“आजोबा, इट्स इलेक्ट्रिक!”

“म्हणजे गॅस नाही. गॅस नाही म्हणजे टॅक्स नाही. म्हणजे तू माझ्या पुलावरून फुकटात जाणार!”

“नो वे! रजिस्ट्रेशनला एक्स्ट्रा फी घेतली माझ्याकडून.”

“ती राज्याने घेतली. वॉशिंग्टनला काय दिलंस? काही नाही.” विष्णू मजेत हसला. “तशी त्यांचीही कमाल आहे म्हणा. गॅलनमागे अठरा सेंटवर काटा अडकलाय, त्याला तीस वर्षं होऊन गेली. सगळं महागलं, टॅक्स तेवढाच. रस्त्यांची पेटी कधीच पुरत नाही, मग दुसऱ्या खिशातून काढून ठिगळं लावतात.”

“देन व्हाय डोन्ट दे जस्ट रेझ इट?”

“कोण हात लावणार? मतं जातात.”

गिरिजा खिडकीबाहेर बघत होती, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलेलं नीलाने टिपलं. हे असं बोलणं दोघांनी एकमेकांशी केलं असतं तर केवढं रंगलं असतं, असं तिला वाटून गेलं.

पूल आला. रुहीने हॉर्न वाजवला. सगळे गोष्टीची वाट बघत राहिले.

विष्णू बोललाच नाही. कठड्याचे खांब भराभर मागे पडत होते आणि तो मान वळवून त्यांच्याकडे बघत होता. पूल संपत आला तसा म्हणाला, “रुही, पुढचा एक्झिट घे. खालून जाऊ.”

“बाबा, खाली काय आहे?” सत्यजित दचकून म्हणाला.

“तेच बघायचंय.”

पन्नास वर्षांत या घरातलं कुणी पुलाखाली गेलं नव्हतं. कशाला जाईल? पूल वरूनच तर जायचा असतो. खाली उतरल्यावर दुतर्फा लहान लहान घरं लागली, काही नांदती, काही फळ्या ठोकून बंद. मग गल्ली अचानक संपली. समोर तारेचं कुंपण, त्यापलीकडे जाडजूड खांब, आणि खांबांच्या पल्याड तीच गल्ली पुढे चालू झालेली दिसत होती. दोन्हीकडे पाटी एकच, मेपल स्ट्रीट. एक बाई बाबागाडी ढकलत कुंपणाच्या कडेकडेने लांबून वळसा घालत निघाली होती. चर्च त्या बाजूला, घर या बाजूला.

विष्णू काठी टेकत उतरला. कुंपणाला एका ठिकाणी भगदाड होतं, त्यातून वाकून आत गेला. नीला “अहो, पडाल!” म्हणेपर्यंत त्याने खांबाला हात लावलासुद्धा.

“इथून पाणी झिरपतंय. सत्या, बघ, वरचा सांधा गेलाय.” सवयीने बोलला. मग मागे न बघता म्हणाला, “गिरिजा, पाडायला किती दिवस लागतील म्हणतेस?”

वरून ट्रक गेला. गिरिजा कुंपणापाशीच थांबली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“हेन्रीने. माझ्याबरोबर होता ना खात्यात. त्याचा फोन आला. तीन महिने झाले.” आता तो वळला. “तीन महिने रोज सकाळी वाटायचं, आज कुणी तरी सांगेल. सत्या येतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो. ही चहा देते आणि नजर चुकवते. माझ्याच पुलाची बातमी मला बाहेरच्या माणसाने द्यावी? मी काय मेलो होतो?”

नीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मीच म्हटलं सांगू नका,” ती म्हणाली. “तुम्हाला लागेल म्हणून.”

“लागलं ते हेच लागलं, अगं.”

“बाबा, आय ॲम सॉरी,” गिरिजा म्हणाली. “मी आज सांगणार होते. पण अर्जाबद्दल सॉरी म्हणणार नाही.”

“म्हणू नकोस.” त्याने खांबावर काठी ठोकली. “ऐका. वर सांगतो ती गोष्ट अर्धी आहे. नकाशावरची रेघ माझ्या आधी काढलेली होती. रेघ दुसऱ्याची, खांब माझे. वस्ती ब्लॅक लोकांची. जमीन स्वस्त, आणि त्यांची ओरड ऐकणार कोण? पण खरं सांगू, आमच्या खात्यात कुणी वाईट मनाचं नव्हतं. गावाला खरं तर बस हवी होती, आणि आतले रस्ते नीट करून हवे होते. त्याला वरून दमडी मिळत नव्हती, शंभरच्या शंभर स्वतःचे घालायचे. आणि याला नव्वद तयार! मग रस्ता इथून जावा का, हे विचारतोय कोण? विचारायचं एवढंच की कागद कधी तयार होतात. फुकट नव्हतं ते, पण फुकटासारखं वाटायचं.”

“अगदी हेच लिहिलंय मी,” गिरिजा हलकेच म्हणाली.

“माहीत आहे. हेन्रीने अर्ज पाठवला, वाचलाय. चांगलं लिहिलंयस. पण एक सांग. तुझे पैसे तरी कुठून येतायत? वरूनच ना? किती?”

“ऐंशी टक्के.”

“आणि पूल गेल्यावर खालच्या रस्त्याची, झाडांची, दिव्यांची देखभाल? तिला पैसे कोण देणार?”

गिरिजाने वर, त्या गळणाऱ्या सांध्याकडे पाहिलं.

“ठरलेलं नाही,” ती म्हणाली. “मलाही तीच धास्ती आहे.”

“तेव्हाही नव्हतं ठरलेलं. बांधायला नव्वद यायचे, सांभाळायला सुरुवातीला काहीच यायचं नाही. ते राज्याने बघायचं. राज्य म्हणायचं, बघू. म्हणून सांगतो, वरचे पैसे आहेत म्हणून पाडू नकोस. पाडायला हवा असेल तर पाड. आणि नंतर बघणारा आधी शोध.”

“म्हणजे मंगळवारी तुम्ही हिच्या बाजूने बोलणार?” सत्यजितचा आवाज चढला.

“मी मला माहीत आहे ते सांगणार. हेच, आत्ता बोललो ते.”

“वा! म्हणजे मी मूर्खच.” सत्यजित हसला, पण हसू काही खरं नव्हतं. चोपन्न वर्षांचा बाप्या, पण नीलाला तो दहा वर्षांचा दिसायला लागला. “बाबा, मी तुमचे नव्वद घेतले. तुम्ही सांगितलं ते शिकलो, तुम्ही सांगितलं ते झालो. तुमचे पूल जपत बसलो आयुष्यभर. मला काय हवं होतं, हे मी स्वतःलासुद्धा विचारलं नाही, कारण नव्वद तयार होते. आणि आज तुम्ही इथे उभे राहून म्हणता, ते विचारायला हवं होतं?”

रुही गाडीला टेकून उभी होती. बापाला असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. गिरिजा पुढे झाली आणि भावाच्या दंडाला तिने हात लावला. तीस वर्षं जो आपल्या हिश्शाचं प्रेमही घेऊन बसलाय असं तिला वाटायचं, त्याला.

“व्हायोलिन छान वाजवायचास तू, दादा,” ती म्हणाली.

“अजून वाजवतो. गॅरेजमध्ये, कुणी नसताना.”

विष्णू खांबाला टेकला. एकदम म्हातारा दिसला. नीलाला वाटलं जाऊन त्याला धरावं, पण ती गेली नाही. हे ओझं आज त्याचं त्यानेच उचलायला हवं होतं.

“चुकलं माझं, सत्या,” तो म्हणाला. “पैसे दिले की आपलं काम झालं, असं वाटलं मला. दोघांच्या बाबतीत.”

परतीच्या वाटेवर रुही पुन्हा पुलावरूनच आली. कुणी सांगितलं नव्हतं. मधोमध तिने लांब हॉर्न दिला आणि म्हणाली, “जस्ट इन केस, फॉर द लास्ट टाइम.” विष्णूने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर नीला तडक आत गेली. दीपाने कणकेचे दिवे ताटांत मांडून ठेवले होते, वाती भिजवल्या होत्या. आता चंद्र वर आला की औक्षण, मग जेवण, आणि मग तेच. हॉटेल बुक केलंय गं. तिने काडी ओढली आणि सवयीने खिडकीतून बाहेर पाहिलं.

विष्णू ड्राइव्हवेत गिरिजाच्या गाडीमागे उभा होता. डिकी उघडायला बघत होता. डिकी बंद होती. तो हाक मारेना, किल्ली मागेना, नुसता तिथे उभा राहिला. नीलाची काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिचं लक्ष नव्हतं.

गिरिजा पायऱ्यांवर होती. तिने बापाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पर्समधून किल्ली काढली आणि बटण दाबलं. डिकी उघडली.

विष्णूने बॅगेला हात घातला. ती त्याला काय पेलते! पण सोडेना. गिरिजा धावत गेली, तिने दुसऱ्या बाजूचा पट्टा धरला. “बाबा, सोडा, जड आहे.”

“असू दे. छपराखाली तरी नेऊ दे मला.”

दोघं ती बॅग मधे धरून, एक काठी टेकत, एक डोळे पुसत, पायऱ्या चढली. नीला दारात आली. सत्यजित पुढे होऊ लागला तशी तिने त्याला हाताने मागे ओढलं.

“वरची खोली जरा आवरायला लागेल ना, आई?” गिरिजाने विचारलं. “मी हॉलमध्ये झोपले तरी चालेल.”

“काही आवरायचं नाहीये,” नीला म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. “दर महिन्याला चादरी बदलते मी. सहा वर्षं तयारच आहे ती.”